चार मिनिटांचं शुद्धिपत्र

मास्तरांच्या घरात राहायला गेलो, त्या पहिल्याच सकाळी न्हाणीघराच्या दारात एका लाल फडक्यानं मला अडवलं. फडकं कडीला लटकत होतं आणि शेजारच्या खिळ्याला एक हिरवं फडकं होतं. आत पाण्याचा आवाज नव्हता, कुणाची चाहूल नव्हती. मी फडकं बाजूला सारून दार ढकललं, तर मागून अशी आरोळी आली की माझ्या हातातला तांब्याच पडला.

"थांबा! सिग्नल दिसत नाय काय?"

आत खरंच कुणी नव्हतं. मास्तर स्वतःच आंघोळ करून बाहेर आले होते आणि फडकं बदलायचं विसरले होते.

"आत कुणी नाही हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी विचारलं.

"मला माहीत आहे. सिग्नलला माहीत नाय," असं म्हणून ते सावकाश आले, लाल फडकं काढलं, हिरवं लावलं आणि म्हणाले, "आता जावा."

मी पुण्याचा. कुणी कसं वागावं हे दुसऱ्याला सांगायचा मक्ता आमच्याकडं असतो, अशा समजात वाढलेला. त्या सकाळी त्या समजाला पहिला तडा गेला. पुढं कारखान्यातल्या नोकरीपायी चार वर्षं मी कन्नड मुलखात, बसवनगुडीतल्या त्या घरात राहिलो आणि चारही वर्षं धक्के खात राहिलो. सर्वांत मोठा धक्का मात्र माझ्याच हातानं तयार झालेला होता, आणि तो माझ्या अस्सल मराठीनं दिला, हे आजही सांगताना कानशिलं तापतात.

मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर, तेही निवृत्त. माणूस किडकिडीत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा आणि मनगटावर आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या दप्तरात कारकून म्हणून दक्षिणेत आलं आणि इथंच राहिलं. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. मी ती मराठी सुधारायला घेतली होती. "जावा नव्हे, जा," मी सांगायचो. "सरी," ते म्हणायचे आणि परत जावाच म्हणायचे. सरी म्हणजे बरं, ठीक आहे. जगातल्या बहुतेक गोष्टींवर त्यांचं एवढंच म्हणणं असे.

एका गोष्टीवर मात्र ते सरी म्हणत नसत. शहराच्या उत्तरेला डोंगरांच्या दिशेनं छोट्या रुळांची एक जुनी लाइन जात होती. त्या लाइनवरच्या एका दगडी स्टेशनात मास्तरांनी बावीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी सायकलनं मोठ्या स्टेशनावर जात, तिथून छोटी गाडी धरून आपल्या स्टेशनात उतरत, बाकावर बसत आणि दुपारी दोनला घरी येत. नवा मास्तर त्यांना चहा देई आणि त्यांच्या पुढ्यात काम करताना घाबरलेला असे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा त्या बिचाऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सर, इनको घर में कोई नहीं है क्या?"

आता त्या लाइनचं रुंदीकरण ठरलं होतं. छोटे रूळ उखडून मोठे टाकायचे आणि वाटेतली जुनी स्टेशनं पाडून सिमेंटची नवी बांधायची. मास्तरांचं स्टेशनही त्यात होतं. ते वाचवायचं म्हणून मास्तर त्या स्टेशनाचा आणि लाइनचा इतिहास लिहीत होते. फुलस्केप कागदांचे गठ्ठे झाले होते. इमारतीचा दगड कुठल्या खाणीतून कुणाच्या बैलगाड्यांनी आला, फलाट ऐन मध्यावर वाकडा का आहे (तिथं एका म्हातारीची विहीर होती, म्हातारी हटली नाही, रूळ हटले), रेशमाच्या कोशांची पोती पहिल्या गाडीनंच का जायची (उशीर झाला तर किडे कोश फोडून बाहेर पडत आणि मालवाहू डब्यात पाखरांचा पाऊस होई), हे सगळं त्यात होतं. पुढं ती विहीर रेल्वेनं घेतली. तिचं पाणी इतकं गोड की इंजिनं तिथं पाणी पीत आणि ड्रायव्हरही आपले डबे भरून घेत. मास्तर हे सांगू लागले की मी कारखान्याची बस चुकवायचो. बस चुकली की ते खूष होत. बसमध्ये पाय ठेवणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. "रस्त्यावर चालणारी गाडी म्हणजे वाट चुकलेली गाडी," असं ते म्हणत.

रुंदीकरणाचे साहेब नागपूरकडचे मराठी निघाले. मास्तरांना उमेद आली. "त्यांना मराठीत वाचायला देऊया. मराठी माणूस पोटातून वाचेल," ते म्हणाले. अडचण एवढीच, की मास्तरांना मराठी बोलता यायची पण लिहिता यायची नाही. टिपणं सगळी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये. मग ते सांगत आणि मी लिहीत असे. दीड वर्ष दर रविवारी दुपारी आम्ही तेच केलं.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगतो. तिथंच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली.

पहिल्याच आठवड्यात मी दिवाणखान्यातल्या भिंतीवरचा फोटो पाहिला. नऊवारीतल्या, ठसठशीत कुंकवाच्या, रोखून बघणाऱ्या बाई.

"या कोण?" मी विचारलं.

"आमची मंडळी."

"इथं नसतात?"

"गेली. ज्येष्ठात सहा वर्षं होतील."

"अरेरे," मी म्हणालो. "कशानं गेल्या?"

"बसनं," मास्तर म्हणाले. तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा कडूजहर झाला. "बारा वीसला गेली. दुपारी. मी सरी म्हटलं."

बसखाली सापडल्या! म्हणून हा माणूस बसमध्ये पाय ठेवत नाही. शेवटच्या श्वासाचं मिनिट त्याला पाठ आहे आणि नशिबाला तो नुसतं सरी म्हणाला आहे. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. शेजारी कन्नड बोलणारे. माझी मजल एनु समाचार, म्हणजे काय खबर, एवढ्यापर्यंतच, त्यामुळं तिथूनही काही कळायचा मार्ग नव्हता. एकदा बाजारातून मी चंदनाच्या साली गुंफलेला हार आणून त्या फोटोला घातला. मास्तरांनी तो हुंगून पाहिला.

"छान आहे. तिला चंदनाचा वास फार आवडतो," ते म्हणाले.

आवडतो! अजून वर्तमानकाळ. माझे डोळे भरून आले.

पुस्तक छापायला गेलं तेव्हा मी मास्तरांना न सांगता एक पान वाढवलं. त्यांना आनंद होईल म्हणून. 'ज्यांनी बावीस वर्षं त्या स्टेशनावर संसार केला आणि एका बसनं ज्यांना अकाली हिरावून नेलं, त्या दिवंगत सहधर्मचारिणीस.' हे वाक्य जमायला मला तीन दिवस लागले होते. छापून आलेलं पुस्तक मी मास्तरांच्या हातात ठेवलं आणि म्हणालो, "पहिलं पान बघा."

"ते नंतर. पहिलं पान तुमच्या पुण्याचं काहीतरी असणार," ते म्हणाले आणि भिंग घेऊन गाड्यांच्या वेळा तपासत बसले. एकही चूक सापडली नाही. त्याच दुपारी त्यांनी नातेवाइकांना प्रती पोस्टानं पाठवल्या आणि एक प्रत साहेबांना नेऊन दिली.

पंधरा दिवसांनी निरोप आला. साहेबांनी पुस्तक एका बैठकीत वाचलं होतं, ते स्वतः स्टेशन पाहून आले होते आणि दगडी इमारत तशीच राखावी अशी शिफारस लिहायला घेतली होती. मास्तरांनी त्या दिवशी मला दोन वेळा कॉफी दिली.

त्यानंतरचा रविवार. मास्तर स्टेशनावर गेले होते. साडेदहाला कुणीतरी दार वाजवलं. उघडलं तर एक स्थूल, वयस्कर बाई, हातात छत्री, काखेत कापडी पिशवी.

"मास्तर हायत?"

"स्टेशनवर गेलेत."

"अजून?" त्या म्हणाल्या. "अय्यो, अजून जातायत?"

चपला काढून त्या सरळ आत आल्या. न्हाणीघराकडं गेल्या, लाल फडकं काढून हिरवं लावलं, पाय धुतले आणि बाहेर येऊन फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"हा हार कुणी घातला?"

"मी," मी म्हणालो. मी फोटोकडं बघत होतो, मग त्यांच्याकडं, मग परत फोटोकडं. कुंकू तेवढंच ठसठशीत होतं आणि तेच रोखलेले डोळे. मी न विचारता त्यांच्यासमोर खुर्चीत बसलो.

"का रे बाबा?"

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "हे तूच लिहिलंस नव्हे? मल्लेश्वरमच्या माझ्या वहिनीनं मी मेले म्हणून अंगावरून पाणी घेतलं. काल आनेकलला माझ्या भावाच्या दारात अकरा माणसं रडायला आली. त्यांना कॉफी कुणी केली? मी केली."

"मी त्यांना विचारलं होतं," मी कसाबसा म्हणालो, "कशानं गेल्या म्हणून. ते म्हणाले, बसनं."

"मग? बसनंच गेले की. आनेकलला." क्षणभर त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांना कळलं. त्या हसत सुटल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तीन वर्षं मी एका धडधाकट बाईसाठी गहिवरलो होतो, तिला हार घातला होता, आणि छापून तिला मारलं होतं!

हसणं थांबल्यावर त्यांनी डोळे पुसले. आवाज बदलला.

"मेल्याचं मला काही नाही. हे वाच." त्यांनी खुणेचं पान उघडून बोट ठेवलं.

मी वाचलं. 'या बावीस वर्षांत स्टेशनमास्तरांच्या कारणानं एकही गाडी एक मिनिटही थांबली नाही.'

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून आले मी."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. शहरात वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. त्या दूर ओढ्यावर धुणं धूत होत्या. निरोप पोचला तेव्हा गाडी फलाटाला लागली होती. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. त्या ओल्या लुगड्यानं शेतांतून धावत निघाल्या. पुढची वाट मोकळी असल्याची खूण म्हणून मास्तर एक लोखंडी गोळा ड्रायव्हरला देत असत, तो हाती आल्याशिवाय गाडी हलत नसे. त्या दिवशी मास्तर तो गोळा हातात धरून उभे राहिले. ड्रायव्हर ओरडला, गार्डानं शिट्ट्या मारल्या. मास्तर शेतांच्या वाटेवरच्या चिंचेच्या झाडाकडं बघत राहिले. चार मिनिटं. त्या डब्यात चढल्या तेव्हा त्यांनी गोळा दिला.

"बाबांनी मला ओळखलं. हात धरला. संध्याकाळी गेले," त्या म्हणाल्या. "रजिस्टरात यांनी लिहिलं, इंजिन पाणी घेत होतं. त्या दिवशी इंजिनानं थेंबभर पाणी घेतलं नव्हतं. त्या चार मिनिटांवर मी पुढची वीस वर्षं स्टेशनामागच्या त्या विंचवांच्या घरात काढली. आणि पुस्तकात तेवढीच गाळली."

मास्तर दोनला आले. दारातच थांबले. मनगट वळवून त्यांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, हा माणूस दगड आहे.

"कधी आलीस?"

"साडेदहाला. बसनं."

मी पुस्तकाचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. ते त्यांनी पहिल्यांदाच वाचलं. भिंगातून, एकेक अक्षर. चेहरा पांढराफटक पडला.

"मी असं म्हटलं नाही."

"पण मी हार घातला तेव्हा तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मला वाटलं, पुण्यात तसं करत असतील."

"ते सोडा," बाई म्हणाल्या. "माझी चार मिनिटं कुठं गेली?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "ते लिहिता येत नाय. ड्युटीवर गाडी अडवली, आणि कारण खोटं लिहिलं. ते सांगितलं तर बाकीचं कोण खरं मानेल?"

"आणि मला जाऊन नऊ वर्षं झाली आता. त्या दिवशी मी जाते म्हटलं. नोकरी संपली तरी तुमचं स्टेशन संपेना, म्हणून म्हटलं. तुमी सरी म्हटलं. ज्यानं माझ्यासाठी गाडी थांबवली तोच का हा माणूस, असं मी आनेकलपर्यंत मनात म्हणत होते."

"त्या दिवशी तुला जायचं होतं, म्हणून गाडी थांबवली," मास्तर म्हणाले. "ह्या दिवशी तुला जायचं होतं, म्हणून सोडली."

मला ते ऐकून काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. चीड आली, आणि चीड येऊ नये असंही वाटलं. बाईंनी छत्री उचलली.

"उद्या दहाला साहेबाकडं जातो," मास्तर म्हणाले. "तू पण ये."

"वहिनीकडं उतरते. मला बघून ती परत आंघोळ करेल," असं म्हणून त्या गेल्या.

त्या संध्याकाळी मास्तरांनी सांगितलं आणि मी शुद्धिपत्र लिहिलं. दोन ओळी होत्या. 'अर्पणपत्रिका : दिवंगत याऐवजी हयात, मुक्काम आनेकल, असे वाचावे.' आणि दुसरी, 'एकही गाडी याऐवजी एक गाडी, चार मिनिटे, कारण बायको, असे वाचावे. मूळ रजिस्टरातील पाण्याची नोंद खोटी आहे.' खाली त्यांनी सही केली. मी म्हणालो, पहिली ओळ पुरे, दुसरी कशाला? ते म्हणाले, "लिहा."

साहेब चाळिशीचे, मोकळे गृहस्थ. पहिली ओळ वाचून ते खो खो हसले आणि उठून बाईंना नमस्कार केला. दुसरी ओळ वाचून खाली बसले.

"काका, हे मला देऊ नका," ते म्हणाले. "शिफारस माझ्या टेबलावर तयार आहे, उद्या वर जाईल. तिचा सगळा आधार तुमचं पुस्तक आहे. जुन्या नोंदी कुठंच शिल्लक नाहीत. लिहिणाराच म्हणतोय की मी नोंद खोटी केली, तर वरचे एक पानसुद्धा धरणार नाहीत. मी हे वाचलंच नाही असं समजा. घरी न्या."

बाईंनी हात पुढं करून तो कागद उचलला आणि मास्तरांच्या खिशाशी नेला.

"ठेवा हे. तुमी लिहिलं, मी वाचलं. मला तेवढंच पाहिजे होतं. स्टेशन राहू दे तुमचं."

मास्तरांनी त्यांच्या हातातून कागद घेतला, त्याची घडी उलगडली, परत टेबलावर ठेवला आणि साहेबांचा पेपरवेट उचलून त्यावर ठेवला.

"आवक रजिस्टरात नोंद करून घ्या," ते म्हणाले.

"मास्तर, वेड लागलंय का तुम्हाला!" मी साहेबांच्या देखत बोललो. दीड वर्षाचे रविवार, कागदांचे गठ्ठे, ती गोड्या पाण्याची विहीर, सगळं त्या एका पेपरवेटखाली गेलं होतं. बाई त्या पेपरवेटकडं बघत राहिल्या. बाहेर आल्यावर त्या तडक आनेकलच्या बसला गेल्या आणि मास्तर घड्याळ न बघता उभे राहिले.

शिफारस वर गेली आणि फेटाळली गेली. पावसाळ्यानंतर स्टेशन पाडलं. मी एकटाच बघायला गेलो. दोन दिवसांचं काम होतं. दगड लॉरीत भरले आणि कौलं गावकऱ्यांनी नेली. मास्तर आले नाहीत. ते आता कुठंच जात नसत. सायकल गंजायला लागली होती आणि ते सकाळपासून दिवाणखान्यात नुसते बसलेले असत. मला त्यांचा राग यायचा, त्या बाईंचा यायचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा. मी ते एक पान वाढवलं नसतं तर स्टेशन उभं राहिलं असतं, हा हिशेब काही केल्या चुकत नव्हता. एकदा न राहवून मी त्यांना विचारलंच, पश्चात्ताप होतो का?

"स्टेशनाचं वाईट वाटतंय," ते म्हणाले. एवढंच.

दीडेक महिन्यानं एका संध्याकाळी मी कारखान्यातून परतलो. दिवाणखान्यात एक लोखंडी ट्रंक होती आणि वळकटी. भिंतीवरचा फोटो काढलेला होता. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती आणि निम्म्या कन्नड मराठीत कुणीतरी मास्तरांना खडसावत होतं, की डब्यात रवा ठेवतात की विंचू पाळतात. मी आत डोकावलो नाही. माझ्या खोलीत टेबलावर रेल्वेच्या वळणदार अक्षरातला एक कागद ठेवला होता. मराठीतला. मास्तरांनी स्वतः लिहिलेला पहिला मराठी कागद.

'आपणास कळविण्यात येते की बायको आली आहे. तिला उजेडाची खोली लागते. तरी महिन्याच्या आखेरीस खोली खाली करून जावा.'

मी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला. चार वर्षं राहिलेल्या घरातून मला बाहेर काढलं होतं आणि मी खुळ्यासारखा हसत होतो. मग मी पेटीतून पेन काढलं, त्यातल्या जावाचं जा करायला कागदावर टेकवलं, आणि तसंच परत ठेवलं.